तार वाचणाऱ्या बाई

त्या गावात इंग्रजी शिकवायला गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि अनोळखी माणसाशी मराठीत सलग पाच मिनिटं बोलायची वेळ माझ्यावर क्वचितच आली होती. वडील रेल्वेत. त्यांच्या बदल्या मध्य प्रदेशात आणि पुढे बंगालच्या बाजूला होत गेल्या, त्यामुळे माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळांत झालं. घरात मराठी होतं, पण ते तीन माणसांचं मराठी. स्वयंपाक, आजारपण आणि रागावणं एवढ्यापुरतं. वडील निवृत्त होऊन मिरजेला राहायला आले, त्याच वर्षी मी बी.ए. झाले आणि वर्तमानपत्रातली जाहिरात बघून साताऱ्याला मुलाखतीला गेले.

हेडमास्तरांनी मला दोनच प्रश्न विचारले. "चालायची सवय आहे का?" आणि "एकटीनं राहता येईल का?" इंग्रजीबद्दल काहीच विचारलं नाही. मी दोन्हींना हो म्हटलं. पहिलं उत्तर खरं होतं.

मेढ्याकडे जाणाऱ्या एस.टी.तून फाट्यावर उतरायचं आणि ओढ्याच्या कडेनं दोन मैल चालायचं. शाळा आठवी ते अकरावी, चार खोल्या, वर पत्रे. पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात शिकवणं शक्यच नसे. मग मी फळ्यावर लिहायची आणि मुलं उतरवून घ्यायची. मला ते बरं वाटायचं. पाऊस नसला की बोलावं लागे. मी "सिट डाउन" म्हटलं की वर्गही खणखणीत आवाजात "सिट डाउन" म्हणे आणि उभाच राही. मुलं माझ्या इंग्रजीला घाबरायची आणि मी त्यांच्या मराठीला. एखादा मुलगा काही विचारायला उठला की मला अर्धं कळायचं, अर्धं नाही, आणि पुन्हा विचारायची लाज वाटून मी मान डोलवायची.

राहायला खोली होती ती शाळेच्या शिपायाच्या घराला लागून. त्याची बायको जिभेला हाड नसलेली. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "बाई, तुमी बोलत का न्हाई? दात दुकत्यात का काय?" मी हसले. ती नवऱ्याला म्हणाली, "हसत्यात. मंजी दात हायती."

संध्याकाळी शाळा सुटली की गाव आपापल्या घरात शिरायचं. भाकरी थापल्याचे आवाज, म्हशींची धार, कुणीतरी कुणाला तरी हाका मारणं. मी खोलीत वह्या तपासत बसायची. त्या दिवसांत मला एकच गोष्ट हवी होती: काही काम नसताना एखाद्या घरात जावं, तिथं बसावं, आणि कुणी मला उठून जा म्हणू नये. एवढंच. पण मला तसं जाता येत नव्हतं, आणि थोड्याच दिवसांत असं काही झालं की ते आणखीच अवघड होऊन बसलं.

ते गाव फौजेतल्या लोकांचं. दर दोन-तीन घरांमागे एक माणूस पलटणीत. पत्रं मराठीत येत, ती कुणीही वाचून दाखवी. तार मात्र इंग्रजीत. पूर्वी तारा वाचायचं काम एका पेन्शनर सुभेदारांकडे होतं, पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी आले तशी त्यांनी काठी टेकत शाळा गाठली आणि मला म्हणाले, "पोरी, मिरजंला जाऊन डोळं करून आनतो. तवर तार आली तर तू वाच." डोळे करायला ते काही गेले नाहीत. पोस्टमन खाकी पाकिटातली तार घेऊन आला की सायकल शाळेच्या फाटकाला टेकवायचा आणि ऑफिसात येऊन उभा राहायचा. मला वर्गातून बोलावणं यायचं.

पहिल्या दोन तारा रजेच्या होत्या. कुणी शनिवारी पोचणार होता, कुणी बैल-पोळ्याला. ती बातमी पोस्टमन स्वतः घेऊन जायचा आणि गूळ खाऊन परत यायचा. तिसरी गणपतीच्या आधी आली. बर्फाच्या भागात गाडी दरीत गेली होती आणि गावातला एक मुलगा गेला होता. मी ती तार ऑफिसात उभी राहून वाचली, आणि मराठीत सांगायला तोंड उघडलं तर शब्दच येईना. हेडमास्तरांनी माझ्या चेहऱ्याकडे बघूनच डोक्यावर टोपी घातली. "तुम्ही वर्गावर जा. कुणाला बोलू नका." सुभेदारांना घेऊन ते निघून गेले. मी नववीच्या वर्गात जाऊन धडा पुढे वाचू लागले. बऱ्याच वेळानं खालच्या आळीतून रडण्याचा आवाज आला. तोपर्यंत त्या दोघांनी तिथं काय केलं, कसं सांगितलं, हे मी बघितलं नव्हतं. मला कुणी सांगितलंही नाही.

त्यानंतर बायका मला टाळू लागल्या. वाईट वागत नसत, नुसत्या बाजूला होत. मी समोरून आले की कडेवरचं मूल घेऊन एखादी घरात शिरायची. आठवीतली पोरं माझ्यामागे "तारंच्या बाई" म्हणायची. एका बाईनं तर मला थांबवून स्पष्टच सांगितलं, "बाई, आमच्या दारावरनं जाऊ नगा, खालच्या वाटंनं जावा. तुमचा काय दोस न्हाई. पर तुमी दिसलासा की काळीज ठिकानावर ऱ्हात न्हाई." मी खालच्या वाटेनं जाऊ लागले. ती वाट लांबची होती आणि तिच्यावर एकही घर नव्हतं.

रविवारी मी ओढ्यावर कपडे धुवायला जायची. तिथंही माझ्या आजूबाजूचे दगड रिकामे राहायचे. फक्त एक मुलगी आपला दगड सोडून जात नसे. माझ्याच वयाची, लग्नाला तीन वर्षं झालेली. घरात सासू, सासरे आणि ती. नवरा पलटणीत, बंगालच्या बाजूला. माझ्या अंगातला स्वेटर बघून तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ह्ये तुमीच इनलंय?"

"हो."

"सोताच्या हातानं? मग मास्तरकी कशाला करता?"

मी बंगालच्या बाजूला राहिले आहे हे कळल्यावर दर रविवारी तिचा एक प्रश्न ठरलेला असे. तिकडं पाऊस कसा असतो. तिकडं डास लय असत्यात म्हनं, खरं का. मी तळ्यांबद्दल सांगायची, माशांच्या बाजाराबद्दल सांगायची, आणि सांगताना माझ्या लक्षात यायचं की मी बऱ्याच वेळापासून बोलते आहे.

"तिकडं भाकरी मिळती का?"

"नाही. भात खातात."

"नुस्ता भात? मग उपाशीच असनार त्यो." कपडा पिळता पिळता ती थांबली. "पत्रात न्हाई लिवत. पर उपाशी असनार."

एकदा निघताना ती म्हणाली, "या की घरला. रविवारचं दुपारचं आमी समदी घरातच असतो." तिच्या ते लक्षात राहिलं असेल की नाही कोण जाणे. मी मात्र ते तीन आठवडे धरून ठेवलं होतं.

डिसेंबरात युद्ध सुरू झालं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रेडिओ ठेवला होता, त्याच्याभोवती सगळे पुरुष जमायचे. बायका लांब उभ्या राहून ऐकायच्या. पत्रं यायची थांबली. पोस्टमन रिकामा आला की गाव हुश्श करायचं, आणि रिकामा आला म्हणूनच पुन्हा काळजीत पडायचं. ओढ्यावरच्या त्या मुलीच्या नवऱ्याचं शेवटचं पत्र दिवाळीच्या सुमाराचं होतं.

त्याच्यासाठी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर विणावा असं तिच्या मनात होतं, पण टाके कसे घालायचे ते तिला येत नव्हतं. मी तिला काही न सांगता मिरजेला आईला पत्र टाकलं. आईनं सगळं आकृतीसकट, किती टाके, कुठं कमी करायचे, असं सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलं. वडिलांच्या जुन्या ऑफिसातल्या खाकी पाकिटात. ते पाकीट शनिवारी आलं. माझ्याकडे आता त्या घरी जायला कारण होतं, आणि ते कारण तारेचं नव्हतं.

रविवारी दुपारी मी निघाले. केस पुन्हा विंचरले, स्वच्छ साडी नेसले. घर आळीच्या टोकाला होतं. दार सताड उघडं, आत सासरे पाटावर बसून जेवत होते, सासू वाढत होती. माणसं जेवत असली की आत जाऊ नये, त्यांना घाई होईल असं करू नये, हे मला लहानपणापासून इतकं शिकवलेलं की दुसरा विचारच मनात आला नाही. मी अंगणात गोठ्याच्या खांबाजवळ थांबले. पाकीट दोन्ही हातांत पोटाशी धरलेलं. नवख्या घरी गेले की माझी नजर आपोआप खाली जाते, तशी ती गेली.

सासूनं बघितलं. "कोन? बाई?" तिचा आवाज मला जरा बारीक वाटला. "काय काम काढलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुमचं होऊ द्या. आधी जेवून घ्या. मी थांबते."

आतला आवाज बंद झाला. सासऱ्यांचा हात ताटातच राहिला. परसातून ती घागर घेऊन आली, तिनं मला बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि घागर अगदी हळू खाली ठेवली. मला वाटलं, पाहुणी आली म्हणून गडबडली.

मग सासरे सुनेकडे बघून बोलले. आवाज शांत होता. "पोरी, बस. तू बी बस. तिला भाकरी वाढ गं."

"मला न्हाई जात," ती म्हणाली.

"जातीया. बस. ताट टाकून कुनी उटायचं न्हाई." आणि बायकोला, "तूबी घे."

तिघंही जेवली. मी अंगणात उभी होते. आत फक्त चावण्याचे आणि पाणी गिळण्याचे आवाज. सासरे स्वतः एक घास घ्यायचे आणि सुनेच्या ताटाकडे बघायचे; ती थांबली की बोटानं भाकरी दाखवायचे. मला बरं वाटत होतं. माझ्यासाठी ही माणसं घाई करत नाहीत, मला परकं समजत नाहीत, असं माझ्या मनात येत होतं. हे आज लिहितानाही हात थांबतो.

ते हात धुऊन बाहेर आले. खुंटीवरचं मुंडासं काढून नीट डोक्याला गुंडाळलं. मागं दोघी भिंतीला धरून उभ्या. ते माझ्यासमोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "हं. वाचा."

मी पाकिटातला कागद काढून त्यांच्या सुनेकडे धरला. "स्वेटरचं आहे," मी म्हटलं. "आईनं पाठवलंय. टाके कसे घालायचे ते."

कुणी हललं नाही.

"अर्ध्या बाह्यांचा," मी म्हटलं.

ती वळली आणि परसात गेली. तिला उलटी झाल्याचा आवाज आला. सासरे खांबाला पाठ लावून हळूहळू खाली बसले आणि मुंडासं सोडून त्यात तोंड घातलं. ते हसत होते की रडत होते मला कळेना. सासू मात्र माझ्यावर चालून आली. "आवं बाई, मानूस हायसा का कोन? ही काय थट्टा? ल्योक हाय त्यो माजा! जावा. जावा इथनं. पुन्ना ह्या दारात पाऊल टाकू नगा."

मी कागद घेऊन खालच्या वाटेनं परत आले. नक्की काय केलं ते मला माहीत नव्हतं, फक्त फार वाईट काहीतरी केलं एवढं कळत होतं. शिपायाच्या बायकोला माझ्या आधीच बातमी लागली होती. ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. नेहमीचं चेष्टेचं तोंड नव्हतं.

"तुमी त्यास्नी जेवा म्हनलासा?"

"ते जेवत होते. मी मध्येच कशी जाऊ?"

"आवं, वाईट तार आली की आमच्यात आदी जेवू घालत्यात. सांगनारा भाईर थांबतो. एकदा कळलं की घरात चूल पेटत न्हाई, मानसं दोन-दोन दिस उपाशी ऱ्हात्यात. म्हनून आदी जेवा म्हनायचं. गनपतीच्या आदी आपल्या मास्तरांनी आन सुबेदारांनी तसंच केलं न्हाई का?" ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी तार वाचनाऱ्या. हातात खाकी पाकीट. भाईर उब्या ऱ्हायलासा, मान खाली, आन म्हनता आदी जेवा. मग त्या मानसानी काय समजायचं?"

मी हातातल्या खाकी पाकिटाकडे बघितलं.

"येवडं शिकलासा," ती म्हणाली, पण टोचून नाही, "आन ह्ये कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

रात्रभर मला तो म्हातारा दिसत राहिला. मुलगा गेला असं त्याला वाटलं होतं, आणि तरी तो घास गिळत होता. कारण आपण थांबलो तर सून थांबेल. आणि मी बाहेर उभी राहून पाहुणचाराचं समाधान मानत होते.

दुसऱ्या दिवशी मी माफीचं पत्र लिहायला बसले. तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा मराठी चुकलं. चौथ्यांदा बरं जमलं, आणि मग लक्षात आलं की त्या घरात आता मी कागद पाठवणार कसा? ते पत्र मी चुलीत घातलं.

युद्ध दोन आठवड्यांत संपलं. रेडिओवर विजयाची बातमी आली तेव्हा शाळेतून प्रभातफेरी काढली, मुलं घसा फाटेपर्यंत ओरडली. एकेका घरी पत्रं येऊ लागली. त्या घरी आलं नाही. ओढ्यावर ती दोन रविवार दिसली नाही. सासू यायची, माझ्यापासून सगळ्यात लांबच्या दगडावर बसायची आणि कपडे असे आपटायची की आवाज डोंगरावरून परत यायचा.

तिसऱ्या रविवारी ती आली. एकटी. नेहमीच्या दगडावर बसली, कपडे भिजवले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला शिकवा."

"काय? स्वेटर?"

"तार वाचायला. मराठी येतंया मला, चौथी झालीया. माजी तार मी वाचनार. दारात कुनी थांबायला नको आन कुनी आमास्नी जेवू घालायला नको." मग बराच वेळ तिनं एकच परकर चोळला. "त्या दिवशी भाकरी गिळली न्हवं, ती अजून उतरली न्हाई."

मी माफी मागायला सुरुवात केली. तिनं हात झटकला. "ऱ्हाऊ द्या त्ये. आत्त्यास्नी सांगू नगा म्हंजी झालं. कशावर लिवायचं?"

मी कपड्याच्या साबणाची वडी घेतली आणि तिच्या कोपऱ्यानं काळ्या दगडावर पहिलं अक्षर काढलं. ते पांढरं, ठसठशीत उमटलं. शाळेच्या फळ्यावर माझं अक्षर कधी इतकं चांगलं आलं नव्हतं.

बी.ए.ला मी जे काही शिकले होते त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. आधी नवऱ्याचं नाव. ते ती तोंडानं घेत नसे. तिनं जुन्या पत्राची घडी पदराखालून काढून पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. मी ते इंग्रजीत लिहून दिलं. न उच्चारता तिनं ते सात-आठ वेळा गिरवलं. मग पलटणीचे आकडे. मग मी ज्या चार-पाच तारा वाचल्या होत्या त्यांतले शब्द, एका रविवारी दोन-दोन: रजा, पोचतो, सुखरूप, जखमी, हॉस्पिटल. ती अक्षरांचा आवाज लक्षात ठेवत नसे, अख्ख्या शब्दाचा चेहरा लक्षात ठेवायची, गुरं ओळखावी तशी. "ह्यो लांबडा, दोन खांबाचा, हास्पिटल." माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला मी असं शिकवलं नव्हतं.

एका रविवारी ती म्हणाली, "आन त्यो शबूद?"

"कोणता?"

"तुमाला ठावं हाय कोन्ता."

"तो नको."

"का? तुमी वाचलाय की गनपतीच्या आदी." ती रागावली नव्हती. "बाई, त्यो वळकाय आला पायजे. न्हाईतर समदं वाचलं तरी भ्या जानार न्हाई. ह्येच असंल का, त्येच असंल का, असं वाटत ऱ्हानार."

मी साबण तिच्या हातात द्यायला बघितला. तिनं घेतला नाही. शेवटी मी लिहिलं. एकच शब्द, जितका लहान काढता येईल तितका लहान. ती वाकून बघत राहिली. बोट लावलं नाही, गिरवलाही नाही. मग उठली, आपले कपडे गोळा केले आणि राहिलेले पलीकडच्या दगडावर जाऊन धुतले.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी मी नववीला शिकवत होते. खिडकीतून शाळेचं फाटक दिसायचं. पोस्टमन सायकलवरून आला, फाटकापाशी एक पाय टेकून थांबला, शाळेकडे बघितलं, आणि पुढे निघून गेला. त्याच्या हातात पिशवीऐवजी एक पाकीट होतं. मुलांनीही बघितलं. तार शाळेत न येता गावात गेली, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आपली तार थेट आपल्याच हातात द्यायची असं तिनं पोस्टमनला सांगून ठेवलं होतं हे मला माहीत होतं, आणि मी खडू हातात धरून उभी राहिले. त्या घरी मला जाता येत नव्हतं. कान देऊन ऐकण्याशिवाय काही करता येत नव्हतं. मी ऐकत होते, चाळीस मुलं ऐकत होती. आळीतून आवाज आला नाही. शाळा सुटेपर्यंत आला नाही.

खोलीवर आले तर ती माझ्या दारात उभी होती. पायात चप्पल नव्हती. मी कुलूप काढलं, ती माझ्या आधी आत शिरली आणि जमिनीवर बसली. त्या खोलीत माझ्याशिवाय असं कुणी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"त्यो शबूद न्हाई," ती म्हणाली. "मी दोनदा बघितलं. उंबऱ्यात उबी ऱ्हाऊन, कुनालाबी न सांगता. मग आत्त्यास्नी सांगितलं, मामास्नी सांगितलं. न्हाई म्हनून." तिनं मुठीतून कागद काढला, घामानं मऊ झालेला. "जखमी हाय. हास्पिटल हाय. बाकीचं आता तुमी वाचा."

मी वाचलं. पायाला गोळी लागली होती, जिवाला धोका नव्हता, इतके दिवस तिकडच्याच इस्पितळात ठेवून आता त्याला पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आणलं होतं. तिनं ते दोनदा म्हणवून घेतलं. मग भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली. मी स्टोव्ह पेटवून चहा केला. कप खाली ठेवून ती उठली आणि म्हणाली, "तुमाला बोलवलं न्हाई म्हनून राग मानू नगा." मी म्हटलं, नाही. तसा राग नव्हताच.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती आणि सासरे फाट्यावर जाऊन पुण्याची गाडी धरून गेले. सासू म्हशीसाठी मागं राहिली. ओढ्यावरचे दगड पुन्हा रिकामे झाले आणि मला कळलं की ती आता महिना-दोन महिने येणार नाही, कदाचित शाळेचं वर्ष संपून मी मे महिन्यात गाव सोडेपर्यंत येणार नाही. त्या आठवड्यात मी पूर्वीपेक्षा जास्त एकटी होते, कारण आता कुणाची वाट बघायची ते मला ठाऊक होतं.

चार-पाच दिवसांनी शिपायाची बायको दारात आली. "तुमास्नी बोलावनं हाय. आळीच्या टोकाकडनं."

"कशाला? तार आली?"

"तार न्हाई न् काय न्हाई. म्हातारी म्हनली, त्या बाईला म्हनावं ये, घर खायाला उटतंया." तिला हसू आवरेना. "आन हातात कागद-बिगद काय आनू नको म्हनावं."

मी गेले. वरच्या वाटेनं, सगळ्या दारांसमोरून. दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं मला समजत नव्हतं. सासू ओसरीवर पावट्याच्या शेंगा घेऊन बसली होती. मला बघून उठली नाही, हसली नाही. पायानं पोतं माझ्याकडे सरकवलं. "बसा."

मी बसले. सूप मध्ये होतं, मी एक शेंग घेतली. मी सोललेले दाणे तिनं बघितले, त्यातला एक किडका उचलून टाकला. बराच वेळ आम्ही दोघी सोलत होतो. पुण्याहून अजून काही कळलं नव्हतं. ती मध्येच हात थांबवून रस्त्याकडे बघायची.

"तुमची आई कुटं असती?" तिनं विचारलं.

"मिरजेला."

"एकलीच?"

"वडील आहेत."

"मग तुमी हितं कशाला आलासा?"

मी रेल्वेच्या बदल्यांपासून सुरुवात केली. ती ऐकत होती की नाही कोण जाणे, मध्येच उठून म्हशीला वैरण टाकून आली, परत बसली, आणि म्हणाली, "हं. मग?"

मी पुढं सांगत राहिले.